आईबाबांच्या आजारपणात कोणी काय ठरवायचं, ते आधीच कसं ठरवून ठेवायचं

मी हॉस्पिटलमध्ये मेडिकल सोशल वर्कर आहे, म्हणजे डॉक्टर राउंड घेऊन गेले की नातेवाईक "आता नक्की काय करायचं हो?" असं ज्या माणसाला विचारतात ती मी. इतकी वर्षं बघून एकच सांगते, घरात भांडणं होतात ती पैशावरून कमी आणि "आईला काय हवं होतं" हे कोणालाच माहीत नसतं म्हणून जास्त. मग एक जण म्हणतो सगळं करा, दुसरी म्हणते बास झालं आता, आणि आई आयसीयूत.

पहिलं काम, डॉक्टरांशी बोलणारा माणूस एकच ठेवा. हुशार किंवा मोठा असायलाच हवा असं नाही, जो रोज तिथे येणारे आणि ज्याला ऐकून घेता येतं तो. बाकीच्यांना त्याने रात्री व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज एक मेसेज टाकायचा, आज काय झालं, उद्या काय करणार, आतापर्यंत बिल किती. परदेशातल्या भावाला स्वतः डॉक्टरांशी बोलायचं असेल तर वेळ ठरवून सगळ्यांनी एकत्र कॉल करा, नाहीतर एकाच पेशंटची तीन वेगवेगळी व्हर्जन्स घरात फिरतात.

दुसरं आणि खरं महत्त्वाचं, आईबाबा धडधाकट असतानाच त्यांना विचारा. हा विषय कसा काढायचा म्हणून लोक अडतात, पण शेजारचे काका महिनाभर व्हेंटिलेटरवर होते असली एखादी बातमी आली की तोच मोका असतो, "बाबा, तुमच्यावर अशी वेळ आली तर आम्ही काय करायचं?" एवढंच. पहिल्यांदा "अभद्र बोलू नकोस" येईल, येऊ दे, दुसऱ्यांदा विचारल्यावर म्हातारी माणसं आपल्याला वाटतं त्यापेक्षा खूप स्पष्ट बोलतात. विचारायचं काय, तर शेवटी घरी राहायचंय की हॉस्पिटल चालेल, स्वतः खाता आलं नाही तर नाकातून नळी चालेल का, माणसं ओळखू येत नसतील तरी मशीनवर ठेवायचं का, आणि तुमच्या वतीने कोणी बोलायचं.

हे कागदावर आणायचं असेल तर लिव्हिंग विल आहे, म्हणजे शेवटच्या आजारपणात कोणते उपचार हवेत, कोणते नकोत याची आपली लेखी इच्छा. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये पद्धत बरीच सोपी केली, आता दोन साक्षीदारांसमोर सही आणि नोटरी किंवा गॅझेटेड ऑफिसरचा शिक्का पुरतो. आपल्या वतीने बोलणाऱ्या माणसांची नावं त्यात लिहायची, एक प्रत त्यांना, एक फॅमिली डॉक्टरांना, आणि एक महापालिका किंवा नगरपालिकेने यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. आता हे आहे म्हणून डॉक्टर लगेच मशीन बंद करतील असं नाही हं, बरं होण्याची आशा उरलेली नाही हे आधी हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांचं एक बोर्ड आणि मग डॉक्टरांचंच दुसरं बोर्ड तपासतं. पण घरच्यांच्या डोक्यावरचं ओझं उतरतं, कारण निर्णय बाबांनीच घेतलेला असतो.

आता औषधांची पिशवी. प्रत्येक घरात ती असते, दुकानाची प्लास्टिकची पिशवी, त्यात अर्धवट कापलेल्या स्ट्रिप्स, कापताना नाव आणि एक्स्पायरीच नेमकी गेलेली. एकदा सगळी टेबलावर ओता आणि कंपनीचं मोठं नाव सोडून खाली बारीक अक्षरात लिहिलेलं औषधाचं मूळ नाव वाचा. एक टेल्मिसार्टन (बीपीची गोळी) फॅमिली डॉक्टरने दिलेलं, दुसरं टेल्मिसार्टन वेगळ्या नावाने हार्टवाल्याने दिलेलं, आणि आजी दोन्ही इमानदारीत घेतायत, मग सकाळी उठताना चक्कर येऊन बाथरूममध्ये पडतात आणि खुब्याचं हाड मोडतं. एका कागदावर मूळ नाव, डोस, वेळ, कोणत्या डॉक्टरने दिलं, आणि रक्त पातळ करायची गोळी असेल तर ती वर लाल पेनाने. आयुर्वेदिक काढे, चूर्णं, झोपेच्या गोळ्या पण त्यातच लिहायच्या, "ते काय औषध नाही" म्हणून गाळायचं नाही.

आयसीयूच्या बाहेर लोक विचारतात "वाचतील ना?", आणि डॉक्टर म्हणतात "प्रयत्न चालू आहेत", यात कोणालाच काही कळत नाही. त्यापेक्षा असं विचारा, यातून बाहेर आले तर कसे असतील, चालतील का, स्वतः जेवतील का, आम्हाला ओळखतील का? आणि व्हेंटिलेटर लावायचाच असेल तर, किती दिवसांनी आपण परत बसून बोलायचं आणि तेव्हा काय सुधारलेलं दिसायला हवं? आधी मुदत आणि खूण ठरवून घेतली की पुढचा निर्णय घेणं थोडं सुसह्य होतं. अजून एक, ऑपरेशननंतर किंवा इन्फेक्शनमध्ये म्हातारी माणसं रात्री अचानक भलतंच बोलतात, सलाईन उपसतात, मुलीला बहीण समजतात. त्याला डेलिरियम म्हणतात, वेड लागलेलं नसतं, बऱ्याचदा कमी होतं, पण डॉक्टरांना लगेच सांगा. चष्मा, कानाचं मशीन, समोर घड्याळ आणि ओळखीचा चेहरा, याने खरंच फरक पडतो.

पैशाचं थोडक्यात. वय ७० पूर्ण असेल तर उत्पन्न कितीही असो, सरकारचं आयुष्मान वय वंदना कार्ड निघतं, त्यावर वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मोफत, ऑक्टोबर २०२४ पासून सुरू आहे. आधार लागतं, प्रायव्हेट मेडिक्लेम असला तरी चालतं, पण योजनेतल्याच हॉस्पिटलात आणि ॲडमिट झाल्यावरच, साध्या ओपीडीला नाही. ॲडमिट व्हायच्या आधी काढून ठेवा, रात्री इमर्जन्सीत कोण ओटीपी शोधत बसणार. ट्रस्टचं मोठं हॉस्पिटल असेल तर महाराष्ट्रात १० टक्के बेड निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकातल्या पेशंटसाठी राखीव असतात, त्यासाठी उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड लागतं आणि तिथल्या सोशल वर्करला स्वतःहून जाऊन भेटावं लागतं, बिलिंग काउंटरवर कोणी आपणहून सांगेलच असं नाही. केसपेपर मागितले तर ७२ तासांत मिळायला हवेत हाही नियम आहे, सेकंड ओपिनियन घ्यायला बिचकू नका, चांगल्या डॉक्टरला राग येत नाही.

डिस्चार्जच्या दिवशी सगळी धावपळ बिलाची असते आणि शिकायचं राहून जातं. आदल्या दिवशीच सिस्टरला म्हणा, मी करते, तुम्ही बघा. कुशीवर कसं वळवायचं (अंथरुणाला खिळलेल्या माणसाला साधारण दर दोन तासांनी, नाहीतर माकडहाडापाशी बेडसोर), नळीतून भरवताना डोकं उंच आणि नंतर निदान अर्धा तास तसंच, युरीन बॅग कायम कमरेच्या खाली. आणि विचारून लिहून घ्या, रात्री दोन वाजता काय झालं तर परत आणायचं आणि काय झालं तर सकाळपर्यंत थांबलं तरी चालेल.

पेशंटची घरी देखभाल करायला ब्युरोची मावशी ठेवणार असाल तर ती ट्रेंड नर्स आहे की मदतनीस हे सरळ विचारा, इंजेक्शन आणि नळी बदलणं हे मदतनिसाचं काम नाही. बारा तास की चोवीस, तिच्या सुट्टीच्या दिवशी बदली कोण, पोलीस व्हेरिफिकेशन झालंय का. आणि तिच्या जेवणाची, रात्री पाठ टेकायची सोय नीट करा, घरातले चार जण तिला चार कामं सांगत राहिले तर पंधरा दिवसांत जाते, मग ब्युरोला शिव्या घालून उपयोग नाही.

विसरभोळेपणा वाढतोय असं वाटत असेल तर डॉक्टरबरोबर बँकेचीही घाई करा. पॉवर ऑफ ॲटर्नी करून ठेवली की झालं असं लोकांना वाटतं, पण माणसाची समज गेली की आपल्याकडे ती चालत नाही, मग पालकत्वासाठी हायकोर्टापर्यंत जावं लागतं. त्यापेक्षा बाबा सही करू शकतायत तोवर खातं आयदर ऑर सर्व्हायव्हर करून घ्या (म्हणजे दोन नावांचं, दोघांपैकी कोणाच्याही एकाच्या सहीने चालणारं), नॉमिनी तपासा. आणि हे आईबाबांसाठी, घर मुलाच्या नावावर बक्षीसपत्राने करणार असाल तर "आमचा सांभाळ करायचा" ही अट त्यात लिहूनच घ्या, सांभाळ झाला नाही तर ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यात बक्षीसपत्र रद्द करून मागता येतं, पण अटच लिहिलेली नसेल तर वाद लांबतो. अर्ज प्रांत ऑफिसमधल्या ट्रिब्युनलकडे करायचा, आणि कुठून सुरुवात करायची ते कळत नसेल तर १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन, एल्डरलाइन, आहे, फुकट आहे, सकाळी आठ ते रात्री आठ.