बॉयलरचं प्रेशर उतरलंय? पाणी भरणं सोपं, झडप बंद करणं महत्त्वाचं

ब्रिटनमध्ये थंडी सुरू झाली की हमखास हे होतं: खोल्या गरम करणारे रेडिएटर गार, नळाला गरम पाणी नाही आणि बॉयलरवर एरर. व्हेलंट कंपनीच्या बॉयलरवर एफ२२, आयडियलवर एफ१ किंवा बॅक्सीवर ई११९ दिसत असेल, तर बहुतेक वेळा आतल्या पाण्याचं प्रेशर उतरलेलं असतं. ‘रीसेट दाबत राहा’ हा सल्ला कानाआड करा. आत पाणीच कमी असेल तर बटण दाबून काही होत नाही.

पुढची कृती कॉम्बी बॉयलरसाठी आहे, म्हणजे रेडिएटर आणि नळ दोन्हींचं पाणी टाकीशिवाय तापवणाऱ्या बॉयलरसाठी. माळ्यावर छोटी टाकी असलेल्या जुन्या यंत्रणेला ती लागू नाही.

बॉयलर बंद करून गार होऊ द्या आणि मगच गेज, म्हणजे प्रेशर दाखवणारी काट्याची तबकडी बघा. गार असताना काटा १ ते १.५ बारच्या (बार हे प्रेशरचं एकक) मध्ये हवा. तापल्यावर २ पर्यंत चढला तरी चालतं.

आता बॉयलरखाली फिलिंग लूप, म्हणजे मुख्य लाइनचं पाणी आत भरायची जोडणी शोधा. स्टीलच्या जाळीची लवचीक नळी असते, दोन्ही टोकांना एकेक झडप. काही मॉडेलमध्ये नळीऐवजी खटका किंवा किल्ली असते; तिथे मॅन्युअल बघूनच हात घाला. नळी लावलेली नसेल तर आधी दोन्ही टोकं हाताने घट्ट बसवा.

खरी मेख इथून पुढे आहे. झडपेची मूठ पाइपच्या दिशेत म्हणजे उघडी, पाइपला आडवी म्हणजे बंद. मूठ नसून स्क्रूड्रायव्हरची खाच असेल तर खाचेची दिशा बघा. एक झडप पूर्ण उघडा, दुसरी अगदी किंचित. पाण्याचा सूं आवाज येईल. नजर काट्यावरून हलवू नका, काटा भरभर चढतो. १.२ किंवा १.३ ला आला की थांबा. दीडच्या वर नेऊन काहीही फायदा नाही.

मग दोन्ही झडपा बंद करा. दोन्ही! एक जरी नीट बसली नाही तरी दुसरी पाणी अडवते. दोन्ही किंचित उघड्या राहिल्या तर मुख्य लाइनचं पाणी आत झिरपत राहतं, काटा ३ बारला पोचतो आणि सेफ्टी व्हॉल्व्ह उघडून भिंतीबाहेरच्या तांब्याच्या पाइपातून पाणी सोडतो. एकदा उघडलेल्या त्या व्हॉल्व्हच्या बैठकीत कचरा अडकला की तो पुढे थेंबथेंब गळतच राहतो. प्रेशर पुन्हा उतरतं आणि तुम्ही पुन्हा भरायला जाता. म्हणून झडपा बंद केल्यावर खाली फडकं धरून नळी सोडवा आणि टोकांना टोपणं लावा. ब्रिटनमधल्या पाणीपुरवठ्याच्या नियमांनुसारही नळी कायम जोडून ठेवायची नसते. सोडवल्यावर टोकातून थेंब येतच राहिले, तर ती झडप बदलायला झाली आहे.

चुकून जास्त भरलं? रेडिएटरचा हवा काढायचा स्क्रू त्याच्या किल्लीने किंचित सैल करून थोडं पाणी वाटीत काढा, काटा खाली येतो.

बॉयलर लावा. दुसऱ्या दिवशी सकाळी, गार असताना, काटा पुन्हा बघा.

दर आठवड्याला भरावं लागत असेल तर भरत बसू नका. ताज्या पाण्याबरोबर ऑक्सिजन आत जातो, रेडिएटर आतून गंजतात आणि गंजरोधक द्रव पातळ होत जातो. गळती शोधा: रेडिएटरच्या व्हॉल्व्हखाली हिरवट-पांढरे डाग, छताला ओल, बाहेरच्या तांब्याच्या पाइपाला लोंबणारा थेंब. गार असताना काटा शून्याजवळ आणि तापल्यावर थेट ३ कडे जात असेल, तर एक्स्पान्शन व्हेसलमधली (तापून फुगलेल्या पाण्याला जागा देणारी हवेची टाकी) हवा गेली आहे किंवा तिच्यातला पडदा फाटला आहे. ते काम गॅस सेफ (ब्रिटनमधली गॅस कारागिरांची अधिकृत यादी) नोंदणी असलेल्या इंजिनीअरचंच. बॉयलरचं कव्हर स्वतः उघडू नका.

इंग्लंड किंवा वेल्समध्ये भाड्याच्या घरात असाल, तर इंग्लंडमध्ये १९८५ च्या आणि वेल्समध्ये २०१६ च्या कायद्यानुसार हीटिंगची दुरुस्ती सहसा घरमालकाकडे असते. काट्याचा गार आणि गरम असतानाचा असे दोन फोटो जोडून एजंटला ईमेल करा, नुसता फोन नको.