डोकं शांत करायचंय? मग आधी तिथी बघा

गुहागरला येणारे बरेच जण रूमवर बॅगा टाकून लगेच बीचवर पळतात आणि नेमकी भरती असते, चालायला वाळूच उरलेली नसते, मग सुरूच्या झाडाखाली बसून मोबाईल बघतात आणि रात्री म्हणतात की एवढं लांब येऊन पण डोक्यातली कटकट काय गेली नाही. मीही हे केलंय.

तर पहिलं काम म्हणजे सुकतीची, म्हणजे ओहोटीची वेळ काढणं. कॅलेंडरवरची तिथी घ्या, 3 ने गुणा, 4 ने भागा, आला तो भरतीचा तास, दिवसाचा पण आणि रात्रीचा पण. म्हणजे अष्टमीला 6 वाजता भरती, आणि तिथून साधारण सव्वासहा तासांनी सुकती. हा आपला अंदाज हां, मिनिटाचा हिशोब नाही. भरती रोज पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते. संध्याकाळी चालायचं असेल तर चतुर्दशी ते प्रतिपदा बेस्ट, उधाणाचे दिवस असल्याने सुकतीला पाणी पण लांबपर्यंत मागे जातं.

मोबाईल रूमवर ठेवा. फोटोसाठी फक्त, असं म्हणून घेतलात की संपलं.

चपला हातात घेऊन ओल्या घट्ट वाळूवरून चाला, कोरड्या वाळूत पाय रुततात आणि सगळं लक्ष तिकडेच जातं. वीसेक मिनिटांनी थांबा आणि उकिडवे बसा. डोळे मिटून ध्यान वगैरे मला तरी जमत नाही, मिटले की ऑफिसच आठवतं, त्यापेक्षा काहीतरी बघत बसा. वाळूवर बारीक बारीक गोळ्यांची नक्षी दिसेल, ती इवल्याशा कुर्ल्यांची, म्हणजे खेकड्यांची. वाळूतलं खाणं चाळून घेतात आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकतात. आपण हललो की सगळ्या बिळात गुडूप, म्हणून हलायचं नाही, दोन-तीन मिनिटांत एकेक बाहेर येते आणि तेवढ्यात आपला श्वास कधी सावकाश झाला ते कळत पण नाही.

कुठे रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं मासेमारीचं जाळं, ओढत असतील तर विचारून दोराला हात लावा, तालात ओढताना दुसरं काही सुचतच नाही.

जवळच्या हेदवी गावात किनाऱ्यावरच्या कातळात एक अरुंद फट आहे, बामणघळ, तिचं मात्र उलट, तिथं भरतीलाच पाणी फटीतून उसळतं, ते लांबून बघायचं, ओल्या कातळावर जायचं नाही. पावसाळ्यात तर पाण्याच्या जवळपास पण नको.

पाणी वळून गोळ्यांपर्यंत आलं की उठा, कुर्ल्या त्याच्या आधीच बिळात गेलेल्या असतात.