सोमवारचा युनिट अपडेट: या चुका टाळा

दिवाळीच्या आसपास नागपूरच्या कळमना बाजारात सोयाबीनची आवक वाढली की आमच्या शेतमाल व्यापाराच्या ऑफिसात सोमवार सकाळ म्हणजे नुसती धावपळ. सोयाबीन, कापूस, डाळी, तेल अशी चार युनिटं, चौघांच्या चार शीट, आणि अकराच्या मीटिंगमध्ये मालकांना खरं तर एकच गोष्ट पाहिजे असते की आज आपली पोझिशन किती ओपन आहे, म्हणजे किती मालावर भावाची जोखीम आपल्या अंगावर आहे. युनिटांनी पाठवलेल्या अपडेटमध्ये मात्र बाजार तेज आहे, आवक चांगली आहे, पाऊस लांबला, हे सगळं असतं आणि तो आकडाच नसतो. मी बरीच वर्षं या शीट एकत्र करतो, त्याच त्या चुका परत परत दिसतात म्हणून लिहून राहिलो.

सगळ्यात मोठी चूक, गोडाउनच्या स्टॉकलाच पोझिशन समजणं. समजा गोडाउनात सोयाबीन १,२०० क्विंटल आहे, सौदा पक्का झालाय पण माल यायचा आहे असे ८०० क्विंटल, आणि विकलाय पण अजून गाडी भरली नाही असे १,५०० क्विंटल. तर १,२०० अधिक ८०० वजा १,५००, म्हणजे भावाची जोखीम फक्त ५०० क्विंटलवर आहे. भाव शंभर रुपयांनी पडला तर फटका ५० हजारांचा, शीटवाला मात्र गोडाउनचे १,२०० धरून एक लाख वीस हजार सांगून सगळ्यांना घाबरवतो. उलटं झालं तर जास्त वाईट, म्हणजे विकलेला माल २,५०० असेल तर गोडाउन भरलेलं दिसतं पण आपण ५०० क्विंटल शॉर्ट, म्हणजे आहे त्यापेक्षा जास्त विकून बसलेले असतो, भाव वाढला की खिशातून जातात आणि अपडेट वाचणारा मात्र निवांत. त्यात सोयाबीनचे वायदे सेबीने डिसेंबर २०२१ मध्ये बंद केले आणि मग बंदीची मुदत वाढवतच नेली, त्यामुळे बंदी आहे तोवर एक्सचेंजवर हेज करून, म्हणजे उलटा सौदा करून जोखीम उतरवून, मोकळं होता येत नाही, जे ओपन आहे ते अंगावरच आहे. म्हणून हे तीन आकडे वेगवेगळे लिहा, आणि ज्या सौद्याचा भाव ठरायचा बाकी आहे तो चौथ्या रकान्यात.

दुसरी चूक ओलाव्याची, आणि ही मला मनापासून लागते. एका हंगामात हिंगणघाटकडून आलेल्या मालाला गेटवर मीटरने १४ टक्के दाखवले, ताडपत्रीवर पसरून वाळवल्यावर १० आले. आता १४ वरून १० वर आलं की कोरडा माल तेवढाच राहतो म्हणून ८६ भागिले ९० करायचं, म्हणजे १०० क्विंटलचे साडेपंच्याण्णवच उरतात. शीटमध्ये १०० च चालू होते, मोजणीत साडेचार कमी भरले आणि गोडाउन सांभाळणाऱ्या पोरावर संशय गेला, दोन दिवस तो कोणाशी बोलला नाही. चोरी नव्हती, पाणी उडालं होतं. काटापावतीवर ओलावा लिहा आणि अपडेटमध्ये घट धरूनच वजन द्या. भावाचंही तेच, २०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता पण तो १२ टक्के ओलाव्याच्या मालाला धरतात, १६ टक्केवाल्या ओल्या मालाचा भाव त्याच्याशेजारी ठेवून बाजार कोसळला असं लिहू नका.

कापसात मापाचा घोळ. गाठ १७० किलोची, खंडी साधारण ३५६ किलोची, आणि घाईत दोन गाठी म्हणजे एक खंडी धरतात. हजार गाठींवर ५०० खंडी लिहिल्या जातात, खऱ्या भरतात ४७८. खंडीला ५५ हजार धरले तर १२ लाखांचा फरक कागदावरच पडला ना भाऊ!

मागच्या आठवड्याची शीट कॉपी करून आकडे बदलतात पण खालची टीप तशीच राहते, हेही फार होतं. कापसावरची ११ टक्के इम्पोर्ट ड्यूटी १९ ऑगस्ट २०२५ पासून माफ झाली ती आधी ३० सप्टेंबरपर्यंतच होती, नंतर ऑगस्टमध्येच मुदत ३१ डिसेंबर झाली. जुनी टीप वाचून, ड्यूटी परत लागणार समजून कोणी ऑक्टोबरसाठी तेजीचा अंदाज बांधला तर चूक टीप लिहिणाऱ्याची. भाव लिहिताना कोणत्या बाजाराचा, किती वाजताचा, गाडीभाडं धरून पोच की जागेवरचा, एवढं तरी टाका.

आणि सोयाबीन युनिटने तेल युनिटला माल दिला की दोघंही नफा दाखवतात. तेल अजून टाकीत आहे, पैसा बाहेरून आलाच नाही, मग तो नफा वेगळा काढून ठेवा.

टोटल जुळत नसेल तर आधी रस्त्यातल्या गाड्या बघा, एकच गाडी पाठवणाऱ्याच्या स्टॉकमध्ये आणि घेणाऱ्याच्याही स्टॉकमध्ये हमखास सापडते. मग घट, मग मापं, आणि शेवटी भाव बाकी असलेले सौदे. एवढं करूनही अकरापर्यंत जुळलं नाही तर आकडा ओढूनताणून बसवू नका, सरळ लिहा, "२३ क्विंटलचा फरक आहे, काटापावत्या तपासून राहिलो, पाचपर्यंत कळवतो." आणि पाचला फोन करा.