लसचाचणीच्या टीममध्ये नवीन आहात? या चुका टाळा

इस्पितळातल्या संशोधन विभागात दरवर्षी नवी मुलं येतात. नर्सिंग झालेली, बी.फार्म. झालेली, हुशार. प्रोटोकॉल, म्हणजे चाचणीची लेखी कार्यपद्धती, पटकन पाठ करतात आणि मग आधीच्या तुकडीने केलेली चूकच पुन्हा करतात: समोरचं काम अर्धं उरकायचं आणि उरलेलं संध्याकाळी कागदावर पूर्ण करायचं. औषधाच्या चाचणीत येणारा माणूस बहुधा आजारी असतो, त्याला बरं व्हायचं असतं. लसीच्या चाचणीत धडधाकट माणूस, कितीदा तर तान्हं बाळ, आपल्या शब्दावर सुई टोचून घेतं. म्हणून इथला ढिलेपणा मला खपत नाही.

सही झाली म्हणजे कन्सेंट (समजून दिलेली संमती) झाला असं समजणं

माझ्या यादीत ही चूक पहिली. गोव्यात घरात कोकणी बोलतात, पण सत्तरी, डिचोली, पेडणे, फोंडा इथल्या कितीतरी बायका वाचतात ते मराठी. सासष्टीत कोकणी रोमी लिपीत वाचणारी घरं आहेत. वास्कोच्या किंवा वेर्ण्याच्या बाजूने येणारी आई कानडी नाहीतर हिंदी बोलणारी असू शकते. माहितीपत्रक तिला समजणाऱ्या भाषेत हवं, आणि त्या भाषेतली तीच प्रत एथिक्स कमिटीने, म्हणजे चाचणीतल्या माणसांचं हित बघणाऱ्या समितीने, मंजूर केलेली हवी. ‘बाईंना कोकणी कळते ना, मग झालं’ म्हणत हाताला लागेल तो कागद पुढे सरकवणं बंद करा.

मी पूर्वी ज्या केंद्रावर होते तिथली गोष्ट. लसीकरणाच्या दिवसाची गर्दी, वाळपईकडून आलेली एक आई, नवरा तारवटी, बोटीवर गेलेला. नव्या सहकाऱ्याने तिला भराभर पानं उलटून दाखवली, खुणा केलेल्या जागी सह्या घेतल्या आणि फोन नंबर असलेलं कार्ड फाईलमध्ये सरकवून दिलं. फाईल बघितली तर सगळं जागच्या जागी. पुढच्या भेटीला ती बोलता बोलता म्हणाली, “मधे याला जुलाब लागले होते, दवाखान्यात ठेवलं होतं, सलाईन लावलं.” तिला विचारलं, आम्हाला फोन का नाही केलात? ती गोंधळून बघत राहिली. तिच्या समजुतीप्रमाणे बाळाला नेहमीचा डोस मिळाला होता. आपलं मूल संशोधनात आहे हेच तिला कोणी नीट सांगितलेलं नव्हतं, त्यामुळे त्या नर्सिंग होममधल्या डॉक्टरांनाही ते कळलं नाही. बाळ सुखरूप होतं. पण रात्री काही बिनसलं असतं तर त्या आईला कुणाला हाक मारायची हे ठाऊक नव्हतं, आणि ती सही तिच्या काहीच कामाची नव्हती.

मी काय करते ते सांगते. कागद मिटून ठेवते आणि तीन गोष्टी तिच्याच तोंडून ऐकते. हे इंजेक्शन कशासाठी आहे? तुम्ही नाही म्हटलंत तर काय होईल? रात्री ताप आला तर कुणाला फोन कराल? दुसऱ्या प्रश्नाला ‘मग डॉक्टर रागावतील’ असं उत्तर आलं की मी त्या दिवशी सही घेत नाही. नाही म्हटलं तरी बाळाचे सगळे नेहमीचे डोस मिळणारच आहेत, हे तिला पटेपर्यंत सांगते. नवऱ्याला विचारायचं असेल तर बोटीवरून त्याचा फोन येईपर्यंत थांबते. वाचता येत नसेल तर निष्पक्ष साक्षीदार सुरुवातीपासून शेवटपर्यंत बसलेला हवा. शेवटी वॉर्डबॉयला बोलावून सही घेणं म्हणजे साक्ष नव्हे. सही केलेल्या कन्सेंटची आणि माहितीपत्रकाची प्रत घरी गेलीच पाहिजे. मोठ्या मुलांना विचारायला विसरू नका. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ७ ते १८ वयात मुलाची स्वतःची संमतीही घ्यायची असते, १२ वर्षांपर्यंत तोंडी, पुढे लेखी.

यात वेळ जातो. जाऊ दे. महिन्याचा आकडा गाठायची घाई मला कधीच समजलेली नाही.

‘लसीमुळे झालं नाही, मग कळवायचं कशाला?’

वरच्या बाळाला इस्पितळात दाखल केलं होतं, एवढ्यावरच ती गंभीर घटना ठरते. कारण काय, हा पुढचा प्रश्न. ‘नवी औषधे व क्लिनिकल चाचणी नियम, २०१९’ प्रमाणे मुख्य संशोधकाने २४ तासांच्या आत केंद्रीय परवाना अधिकारी, स्पॉन्सर (चाचणी करवून घेणारी कंपनी किंवा संस्था) आणि एथिक्स कमिटी या तिघांनाही कळवायचं असतं. कारणमीमांसेसह अहवालाला १४ दिवस असतात. उशीर झाला तर तोही कारणासह लिहायचा. डिस्चार्ज पेपर मिळेपर्यंत थांबणारे खूप बघितले. जे माहीत आहे तेवढं आधी पाठवा.

फ्रीजशी खेळणं

गोव्यात जूनमध्ये वाऱ्यापावसात झाड तारेवर पडतं आणि वीज जाते, यात नवीन काही नाही. त्याची सगळ्यांना सवय झाली आहे, आणि माझी भीती तीच आहे.

एका केंद्रावर रविवारी असाच पुरवठा गेला. परत आला तेव्हा ड्यूटीवरच्या मुलाला लसीच्या फ्रीजचं तापमान १० अंश दिसलं. घाबरून त्याने थर्मोस्टॅटचं बटण शेवटपर्यंत फिरवलं, लवकर गार व्हावं म्हणून. तक्त्यावर ५ लिहिलं, आजचंच नव्हे तर उद्या सकाळचंही, आणि कोणालाही फोन न करता घरी गेला. रात्रीत पारा शून्याच्या खाली गेला. सकाळी कोणीतरी बटण मागे आणलं, आकडा पुन्हा जागेवर दिसला, काम सुरू. मॉनिटर, म्हणजे स्पॉन्सरचा तपासनीस, आल्यावर डेटा लॉगर (तापमान आपोआप नोंदवणारं यंत्र) उघडला तेव्हा आलेख आधी वर गेलेला आणि मग खोल खाली उतरलेला, आणि शेजारी तक्त्यावर एका ओळीत सगळे पाच. मधल्या दिवसांत त्या साठ्यातून डोस दिले गेले होते. त्या प्रत्येक घरी फोन करून सांगावं लागलं की तुमच्या बाळाला दिलेला डोस कदाचित उपयोगाचा नसेल. ते फोन ज्यांनी केले त्यांना विचारा, आकडा डोळ्यांनी न बघता लिहिण्याची किंमत काय असते.

नवी मुलं उष्णतेला घाबरतात. गोठण्याला घाबरायला हवं. अॅल्युमिनियमचा क्षार असलेल्या लसी, म्हणजे हेपटायटिस बी, पेंटाव्हॅलंट (पाच रोगांवरची एकत्र लस), टीडी (धनुर्वात-घटसर्पाची) यांसारख्या, एकदा गोठल्या की त्यातले कण एकत्र येतात आणि लस निकामी होते. फाटलेलं दूध जसं सांधत नाही तसंच हे. हेपटायटिस बी तर शून्याच्या जरा खालीच गोठते. वितळल्यावर बाटली बघून काही कळेलच असं नाही, आणि बाटलीवरचा व्हीव्हीएम, म्हणजे रंग बदलणारी खूण, फक्त उष्णता दाखवतो, गोठणं दाखवत नाही.

माझ्या फ्रीजच्या बटणावर चिकटपट्टी असते आणि तिच्यावर माझा नंबर. तक्ता ऑफिसात नाही, फ्रीजच्या दारावर टांगलेला. सकाळी आल्यावर आधी लॉगर, मग बाकीचं जग. वीज गेली की दार उघडायचं नाही. तापमान २ ते ८च्या बाहेर गेलं की साठा ‘वापरू नका’ अशी चिठ्ठी लावून २ ते ८मध्येच वेगळा ठेवायचा आणि स्पॉन्सरला कळवायचं. निकाल ते देतील. तो साठा तुम्ही फेकायचाही नाही आणि वापरायचाही नाही. शेक टेस्ट करून, म्हणजे बाटली हलवून लस गोठली होती का ते बघून, स्वतःच न्याय करणारेही भेटलेत, चाचणीतल्या लसीवर ते चालत नाही. आणि लस न्यायच्या कॅरिअरमध्ये आइसपॅक फ्रीझरमधून काढून थेट घालू नका. बाहेर ठेवा, घाम फुटू दे, हलवल्यावर आत पाण्याचा आवाज आला की मग भरा.

चवथ (गणेश चतुर्थी) न बघता तारीख देणं

पहिला डोस दिला त्याच मिनिटाला पुढच्या सगळ्या भेटींच्या तारखा कॅलेंडरवर मांडा. २८व्या दिवसाची भेट चवथीत पडली तर ती बाई येणार नाही, आणि तिने का यावं? घर बंद करून सगळे मूळ गावी जातात, गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधायची असते. शिगमो, ओल्ड गोव्याचं फेस्त, नाताळ, गावची जत्रा, सगळं आधी विचारा. विंडो, म्हणजे भेटीची ठरलेली मुदत, चुकल्यावर ‘पालक सहकार्य करत नाहीत’ असं फाईलमध्ये लिहिलेलं वाचलं की मला संताप येतो.

राहिलेल्या

डोसनंतर लक्ष ठेवायची ३० मिनिटं वाळपईच्या कदंब बससाठी कमी करू नका. बसची वेळ आधी विचारा आणि तिला रांगेत पुढे घ्या. जोराची अॅलर्जी उठली तर लागणारं अॅड्रिनॅलिन हाताशी हवं, मुदत तपासलेली, आणि ते मांडीच्या स्नायूत द्यायचं हे खोलीतल्या प्रत्येकाला माहीत हवं.

एकाच दिवशी दोन नाईक किंवा दोन गावकर येणारच. नावाने हाक मारून डोस देऊ नका. जन्मतारीख आणि चाचणी क्रमांक दोन्ही पडताळा.

रक्ताच्या नळीवर लेबल त्या माणसासमोर लावा. सीरमची (रक्त साकळल्यावर वर राहणाऱ्या द्रवाची) नळी आधी उभी ठेवून रक्त साकळू द्या, मग सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवा. न फिरवलेली नळी फ्रीझरमध्ये टाकली तर पेशी फुटतात आणि त्या माणसाला पुन्हा टोचावं लागतं.

व्हाइटनर टीमच्या खोलीत ठेवूच नका. चूक झाली तर एक आडवी रेघ, बरोबर आकडा, सही, तारीख. खालचं मूळ अक्षर वाचता आलं पाहिजे.

कोणाला खरी लस आणि कोणाला तुलनेचं इंजेक्शन हे गुपित असतं, तेव्हा ‘या बाळाला खरीच लस मिळाली असणार’ असं कॉरिडॉरमध्ये बोलू नका. आई ऐकते, आणि मग तापाकडे बघण्याची तिची नजर बदलते.

घरी रोजचा ताप लिहायच्या डायरी कार्डवर सातही दिवस एकाच पेनाने, एकाच हाताने ९८.४ लिहिलेलं दिसलं की ते बाहेरच्या बाकावर बसून भरलंय हे समजा. आईला ओरडू नका. बहुतेक वेळा आपल्यातल्याच कोणीतरी “पटकन भरून टाका” म्हटलेलं असतं. थर्मामीटर पहिल्या दिवशी तिच्या हातात देऊन तिलाच लावायला सांगा, आकडा तिलाच वाचू दे, आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी एक फोन करा.