सरकारी कार्यालयावर सोलर बसवताय? आधी गच्ची बघा

बारा महिन्यांची वीजबिलं काढा, मंजूर भार (वीज कंपनीने कार्यालयाला मंजूर केलेली विजेची मर्यादा) बघा. हे सगळेच करतात. दिवे एलईडी नसतील तर ते आधी बदला.

आता गच्ची. वॉटरप्रूफिंग शेवटचं कधी झालं, ते कागदावर शोधा. ‘झालं असेल दोन-तीन वर्षांपूर्वी’ असं कुणी म्हणालं, तर झालेलं नाही असं समजा. पॅनेल 25 वर्षं चालतात, गच्चीवरचा लेप तेवढा टिकत नाही. मागच्या वेळी मी क्षमता, निविदा, मीटर सगळं बघितलं आणि नेमकं हेच विसरलो. पॅनेलखालच्या सांगाड्याचे पाय बोल्ट मारून स्लॅबमध्ये बसवले, आणि पहिल्याच पावसात खालच्या रेकॉर्ड रूममध्ये गळती. बासनांच्या कापडाचा लाल रंग फायलींत उतरला. दुरुस्तीला अर्धी पॅनेल उतरवावी लागली, आणि ते काम करारात कुठेच नव्हतं. म्हणून गच्चीवरचं पाणी जायची भोकं तात्पुरती बुजवा, दोन दिवस पाणी साठवा आणि खालून छताला हात लावून बघा. फोटोवर विसंबू नका. वजन पेलेल का, हे स्ट्रक्चरल इंजिनियरकडून लेखी घ्या.

इमारत एका खात्याची, वापर दुसऱ्याचा, बिल भरणारं तिसरंच. तिघांची संमतीची पत्रं आधीच घ्या.

एका किलोवॉटला साधारण 10 चौरस मीटर जागा धरा, पण टाकी आणि लिफ्टच्या खोलीची सावली वगळून. सावली हिवाळ्यात मोजा, तेव्हा ती लांब पडते. पॅनेल एकामागे एक जोडलेली असतात, एकावर सावली आली की अख्ख्या रांगेची वीज घटू शकते.

सुट्टीच्या दिवशी कार्यालय बंद, ऊन चालूच. ती वीज ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या जाळ्यात, गेली तर हिशेब कसा होणार, ते नेट मीटरच्या (घेतलेली आणि दिलेली वीज मोजणाऱ्या मीटरच्या) नियमांत वाचा. आणि साहेबांना आधीच सांगून ठेवा की बॅटरी नसलेली यंत्रणा ग्रिडची वीज गेली की बंद पडते. लाइनवर काम करणाऱ्याला झटका बसू नये म्हणून ती तशीच बनवलेली असते. नाहीतर ‘अहो, बाहेर ऊन आहे ना?’ असा फोन येणारच.

गच्ची पुरत नसेल तर बाहेरून हरित वीज घ्या. वीज न घेता हरित विजेची प्रमाणपत्रं (आरईसी) घ्यायची तर एक म्हणजे 1000 युनिट. पण स्वतःच्या विजेची प्रमाणपत्रं विकलीत, तर तीच वीज ‘आम्ही हरित वापरतो’ म्हणून मिरवता येत नाही.

बाकी अर्थिंग, आकाशातली वीज पडली तर वाचवणारा तडितरोधक, पॅनेल धुवायला गच्चीवर नळ, जिन्याची किल्ली कुणाकडे, धुणार कोण. इन्व्हर्टर (पॅनेलची डीसी वीज एसी करणारा) पॅनेलएवढा टिकत नाही, मध्ये एकदा बदलायची तरतूद ठेवा. आणि गच्ची दुरुस्तीसाठी पॅनेल काढून परत बसवायचा दर करारात आहे का, तेवढं सहीआधी पुन्हा बघा.