'ब्लेझ' दिसला की नेमका कुठला ब्लेझ ते असं ओळखा

ब्लेझ म्हणजे आग एवढं बहुतेकांना माहिती असतं, पण इंग्रजीत या एकाच स्पेलिंगखाली तीन वेगळे शब्द राहतात. म्हणून आधी एखादी जाडजूड डिक्शनरी उघडा आणि शब्दाला चिकटून बारीक 1, 2, 3 असे आकडे आहेत का बघा. ऑक्सफर्डसारख्या डिक्शनरीत आकडे असले की समजायचं मूळच वेगळं, नुसते अर्थ वेगळे असते तर सगळे एकाच नोंदीत आले असते.

आगवाला ब्लेझ जुन्या इंग्रजीतला, तेव्हा अर्थ होता मशाल किंवा ज्वाळा. भडकलेली मोठी आग, डोळे दिपवणारा उजेड, बंदुकांच्या फैरी हे सगळं याचंच. 'व्हॉट द ब्लेझेस' (म्हणजे वैतागून 'हे काय भलतंच!') मधले ब्लेझेस पण इथलेच, ती नरकातली आग आहे, नरकाचं नाव थेट घ्यायला नको म्हणून काढलेली पळवाट.

खरी गंमत दुसऱ्यात आहे आणि लोक फसतात ते इथेच. घोड्याच्या तोंडावरचा पांढरा पट्टा म्हणजे ब्लेझ, आणि जंगलात वाट सापडावी म्हणून झाडाची साल तासून जी खूण करतात तीही ब्लेझ. त्यामुळे 'ब्लेझ अ ट्रेल' मध्ये कोणी काही पेटवत नाहीये, खुणा करत करत नवी वाट पाडतंय, ट्रेलब्लेझर म्हणतात तो हाच माणूस.

तिसरा ब्लेझ म्हणजे बातमी गावभर करणे. मूळ अर्थ फुंकणे, 1611 च्या किंग जेम्स बायबलमध्ये मार्कच्या शुभवर्तमानात 'ब्लेझ अब्रॉड' असा सापडतो, आज फारसा कोणी वापरत नाही.

वाक्यात अडलात तर काय ब्लेझ होतंय किंवा केलं जातंय ते बघा. इमारत असेल तर आग, ट्रेल असेल तर खुणा, बातमी असेल तर बोभाटा, बास.

आता ब्लेझर कोट यातला कुठला? आगवाला! केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजचा लेडी मार्गारेट बोट क्लब 1825 मध्ये सुरू झाला, तिथले वल्हवणारे भडक लाल जॅकेट घालायचे, म्हणून ब्लेझर. आणि हो, 'ब्लेझन' दिसला तर त्याला यात ओढू नका, तो फ्रेंचमधून आलेला ढालीचा शब्द आहे, राजघराण्यांच्या चिन्हांशी संबंधित.