आधी व्हिसा, मग तिकीट

दिवाळीत बडोद्याला दांडिया बाजारातल्या घरी गेलो की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कोणीतरी प्लॅस्टिकची फाईल काखेत मारून येतंच. आई चहा टाकते, सोबत लिलो चिवडा येतो, आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: "दादा, इंग्लंडच्या व्हिसाची सगळं मिळून फी किती?" मी २००९ साली इंग्लंडला आलो. तेव्हापासून हा प्रश्न बदललेला नाही, आकडे मात्र ओळखू येऊ नयेत इतके बदलले. या वर्षी जे विचारायला येतील त्यांच्यासाठी हे एकदाच लिहून ठेवतो.

फी किती, हे सरकारच्या वेबसाइटवर दोन मिनिटांत सापडतं. माणसं अडतात ती दुसरीकडे. पैसे सगळे एकाच दिवशी भरावे लागतात, आणि वाट बघण्याचं घड्याळ आपल्याला वाटतं त्या दिवसापासून चालू होत नाही.

आधी आकडे. ९ एप्रिल २०२५ पासूनचे दर सांगतो. इथे दर बहुधा एप्रिलमध्ये वाढतात, म्हणून भरायच्या आधी एकदा ताजे बघून घ्या. नोकरीचा स्किल्ड वर्कर व्हिसा भारतातून काढला तर तीन वर्षांपर्यंत ७६९ पाउंड, त्याहून जास्त मुदतीसाठी १,५१९. बरेच जण इथेच थांबतात आणि म्हणतात, परवडेल. खरा खड्डा हेल्थ सरचार्जचा आहे, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी व्हिसासोबतच घेतात त्या पैशांचा. मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पाउंड, अठरा वर्षांखालच्या मुलाला ७७६. जितक्या वर्षांचा व्हिसा तितक्या वर्षांचा सरचार्ज, सगळा आगाऊ. नवरा, बायको आणि एक मूल, तीन वर्षं: व्हिसाचे २,३०७, सरचार्जचे ८,५३८, मिळून १०,८४५ पाउंड. पाउंडाला ११५ रुपये धरले तरी साडेबारा लाखांच्या घरात जातं. डॉक्टर-नर्स मंडळी हेल्थ अँड केअर व्हिसावर येतात, त्यांना सरचार्ज नाही आणि फीही कमी. त्यांनी उगाच घाबरू नये.

लग्न करून जोडीदाराला आणायचं तर हिशेब निराळा. फी १,९३८ आणि सरचार्ज ३,१०५. व्हिसा मिळतो दोन वर्षं नऊ महिन्यांचा, पण सरचार्ज पुऱ्या तीन वर्षांचा घेतात. म्हणजे पहिल्याच झटक्याला ५,०४३ पाउंड. पुढे अडीच वर्षांचं एक्स्टेन्शन आणि मग कायम राहायचा परवाना धरला तर याच दराने पाच वर्षांत जवळजवळ बारा हजार. माझं लग्न २०१६ मध्ये झालं, तेव्हा हाच सरचार्ज वर्षाला २०० होता. सासऱ्यांना तेव्हाही तो जास्तच वाटला होता! शिवाय इथे राहणाऱ्याचं वर्षाचं उत्पन्न ११ एप्रिल २०२४ पासून किमान २९,००० पाउंड लागतं. ते बसत नसेल तर फी भरायची घाई करू नका. नकार आला तर सरचार्ज परत मिळतो, फी मिळत नाही.

आता कार्ड. हे वाचून हसाल, पण मी पाहिलेले निम्मे घोळ इथलेच. २०२० पासून भारतात नवं कार्ड येतं तेव्हा त्यावरचे परदेशी व्यवहार बंदच असतात, ते बँकेच्या ॲपमध्ये जाऊन चालू करावे लागतात. चालू केले तरी रोजची मर्यादा कमी ठेवलेली असू शकते. माझ्या भाच्याने रात्री साडेअकराला फॉर्म पुरा केला, सरचार्जच्या पानावर आला आणि कार्ड नाकारलं गेलं. मग वडिलांचं कार्ड. ओटीपी वडिलांच्या फोनवर, वडील मांजलपूरला झोपलेले. त्यांना उठवेपर्यंत पान मिटलं. दुसऱ्या दिवशी तासभर बँकेशी बोलून मर्यादा वाढवली तेव्हा कुठे पैसे गेले. म्हणून चार दिवस आधी मर्यादा वाढवा, आणि ज्याचं कार्ड असेल त्याला फोन घेऊन शेजारी बसवा. पाउंडाचा भावही आपण फोनवर बघतो तो नसतो. तो होम ऑफिस, म्हणजे इथलं गृहखातं, ठरवतं, आणि वर कार्डाची परकीय चलनाची आकारणी. हिशेबाच्या वर पाच टक्के तरी मोकळे ठेवा.

"कंपनी भरते हो सगळं" असं सांगणाऱ्याला मी ऑफर लेटर दाखवायला लावतो. बहुतेक वेळा कंपनी तुमचं भरते, बायको-मुलांचं नाही. आणि ठराविक काळाच्या आत नोकरी सोडली तर परतफेड, हे खाली बारीक अक्षरात असतं. स्पॉन्सरशिपचा खर्च मात्र कंपनीचाच. सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप (सीओएस), म्हणजे व्हिसासाठी मालक देतो तो नोकरीचा दाखला, त्याची फी ३१ डिसेंबर २०२४ पासून कामगाराकडून वसूल करता येत नाही. त्यामुळे कोणी एजंट "सीओएस पंधरा लाखांत देतो" म्हणाला तर चहा पिऊन उठा. परदेशातून माणसं बोलवायचा परवाना असलेल्या मालकांची यादी सरकारी साइटवर फुकट आहे, त्यात नाव शोधा. नुसतं नाव आहे म्हणून खूश होऊ नका, ती कंपनी खरोखर काय करते तेही बघा. केअर वर्करच्या नोकऱ्यांवर परदेशातून नवी भरती २२ जुलै २०२५ पासून बंद आहे. त्या नोकरीच्या नावाने आजही कोणी पैसे मागत असेल तर तो तुम्हाला बुडवतोय.

आता घड्याळ. नोकरीच्या व्हिसाला साधारण तीन आठवडे, जोडीदाराच्या व्हिसाला बारा. हे मोजायचे बोटांचे ठसे दिल्याच्या दिवसापासून. पैसे भरले त्या दिवसापासून नाही. मधे ठशांची अपॉइंटमेंट मिळायला दिवस जातात, त्यासाठी अहमदाबादचा फेरा असतो. त्याच्याही आधी टीबीची तपासणी. सहा महिन्यांहून जास्त राहायला येणाऱ्या भारतीयाला ती ठरलेल्या क्लिनिकमध्येच करावी लागते आणि सर्टिफिकेट सहा महिने चालतं. सीओएस मात्र मिळाल्यापासून तीन महिन्यांत वापरावं लागतं. मी सांगतो ते असं: टीबी आणि भाषांतरं आधी उरका, पैसे नंतर भरा. जास्तीचे ५०० पाउंड देऊन प्रायॉरिटी घेतली तर नोकरीच्या व्हिसाचा निकाल पाच कामाच्या दिवसांत येऊ शकतो. जोडीदाराच्या व्हिसाला तेच पैसे देऊनही तीस कामाचे दिवस धरा. नोकरीवर रुजू व्हायची तारीख जवळ असेल तर घ्या, नाहीतर तेवढ्यात इथला महिन्याचा किराणा येतो.

कधी कधी एक ईमेल येतो: तुमचा अर्ज सरळ नाही, वेळ लागेल. तो आला की घरात सुतक पडल्यासारखं होतं. तो नकार नव्हे. एखादा कागद पडताळायचा असतो. दर दोन दिवसांनी विचारून काही हलत नाही.

आणि कागद अडतात ते कशामुळे? आपल्या बडोदेकर मराठी माणसाचं खास दुखणं सांगतो. पासपोर्टवर वडिलांचं नाव साधं "सुरेश", जन्मदाखल्यावर नगरपालिकेच्या कारकुनाने लिहिलेलं "सुरेशभाई", आणि आईच्या नावापुढे एका कागदावर "बेन", दुसऱ्यावर "बाई". आपल्याला ते खटकतही नाही, बडोद्यात जन्मापासून ऐकतो. लंडनच्या टेबलावर बसलेल्या माणसाला मात्र ही सगळी वेगवेगळी माणसं दिसतात. पैसे भरायच्या आधी सगळे दाखले शेजारी शेजारी मांडून बघा. दुरुस्ती होण्यासारखी असेल तर करून घ्या, नसेल तर ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असं ॲफिडेव्हिट जोडा. दाखला गुजरातीत असेल तर इंग्रजी भाषांतर लागतं, त्यावर भाषांतरकाराचं नाव, सही, तारीख आणि संपर्क हवा. वकिलाकडे काम करणाऱ्या मामांनी प्रेमाने करून दिलेलं कोऱ्या कागदावरचं भाषांतर चालत नाही.

आमचा स्वतःचा घोळ याहून साधा होता. लग्नानंतर आठव्या दिवसाची अपॉइंटमेंट मीच घेतली, हुशारी करून. बायकोच्या हातांवर मेंदी बोटांच्या टोकापर्यंत. मशीनवर बोट ठेवलं की लाल दिवा. ओल्या कापडाने पुसलं, पुन्हा ठेवलं, पुन्हा लाल. मागे रांग, आणि ती माझ्याकडे बघतेय. परत आलो, दहा दिवसांनी मेंदी उतरल्यावर पुन्हा गेलो. ठसे देताना बोटांवर मेंदी नको, हे सूचनांमध्ये लिहिलेलं होतं. मी वाचलं नव्हतं. विमानाचं तिकीट मात्र आधीच काढून ठेवलेलं होतं, ते बदलायला जे पैसे गेले त्याचा हिशेब ती अजून काढते.

व्हिसा हातात येईपर्यंत तिकीट काढू नका, नोकरीचा राजीनामा देऊ नका, मुलाचं नाव बडोद्याच्या शाळेतून काढू नका. व्हिसा आता बहुतांशी ऑनलाइन असतो, कार्ड येत नाही. त्याचं खातं ज्या ईमेलवर आणि ज्या फोन नंबरवर उघडाल तो तुमचा असू द्या, एजंटचा नको. इथे आल्यावर घर भाड्याने घेताना आणि नोकरीच्या पहिल्याच दिवशी त्या खात्यातून कोड काढून द्यावा लागतो. मागच्या वर्षी एक जोडपं आमच्या सोफ्यावर नऊ दिवस राहिलं, कारण खात्यात शिरायचा कोड जात होता बडोद्यात रावपुऱ्यातल्या एजंटच्या फोनवर आणि तो माणूस यात्रेला गेला होता.